वाचणाऱ्याचा पंखा

विहारात टेबलफॅन आला त्याच वर्षावासात माझ्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. या दोन गोष्टींचा संबंध आहे हे समजायला मला भाद्रपद उजाडला, आणि समजल्यावर तो लोकांना सांगणं त्याहून अवघड गेलं.

आमच्या वस्तीत आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत रोज संध्याकाळी विहारात ग्रंथवाचन होतं. बाया चूल आवरून येतात, पुरुष गिरणीतून, रेल्वेतून सुटून हातपाय धुऊन येतात. त्रिसरण-पंचशील झालं की पांढरं कापड घातलेल्या चौरंगावर ग्रंथ उघडतात आणि एकजण वाचतो. छपन्न सालानंतर आमच्याकडे वाचन सुरू झालं तेव्हापासून तो एकजण मीच होतो. माझा आवाज काही चांगला नाही, तिसऱ्या रांगेपलीकडे तो जात नाही. पण तेव्हा न अडखळता वाचणारे वस्तीत थोडे होते, आणि मी गांधीबागेजवळच्या एका छापखान्यात प्रुफं तपासत होतो. पुढे वाचणारे पुष्कळ झाले, पोरं वकील झाली. पण मला कोणी उठवलं नाही आणि मीही उठलो नाही.

प्रुफं तपासणाऱ्याची वाचायची रीत वेगळी असते. तो अक्षरं बघतो. अर्थाच्या मागे गेला की एखादी वेलांटी हातची निसटते. जन्मभर असं वाचल्यामुळे ग्रंथ वाचतानाही त्यातलं काही माझ्यात उतरतं की नाही, याची मला खात्री नसे. समोर बसलेल्या, एक अक्षर न येणाऱ्या बायांच्या चेहऱ्यांवर मात्र ते उतरताना स्पष्ट दिसे. माझ्यातून फक्त जातं, तिथं पोचतं, असं मला वाटे.

पंखा वर्गणीतून घेतला होता. विहाराची झाडलोट आणि दिवाबत्ती धोंडबा बघायचा. त्यानं तो सीताबर्डीवरून रिक्षात मांडीवर धरून आणला, स्टुलावर ठेवला आणि सरळ माझ्या तोंडावर लावला. पंख्याला मान फिरवायची कळ होती; ती त्यानं ओढून बंद केली. "वाचणाऱ्याले हवा पाह्यजे," तो म्हणाला, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. नागपूरचा तो दमट पावसाळा. बाया पदरानं वारा घेत घामेजून बसलेल्या, आणि वस्तीतला एकुलता एक सार्वजनिक पंखा माझ्या एकट्याच्या तोंडावर. मला पहिल्या दिवसापासून ओशाळल्यासारखं झालं. पण दिलेला मान नको कसा म्हणायचा, हे मला कधीच जमलेलं नाही.

डोळे त्याआधीच, उन्हाळ्यापासून खुपत होते. सकाळी पापण्या चिकटलेल्या असत. दुपारी पुस्तक घेऊन बसलो की पापणीखाली बारीक रेती फिरल्यासारखी होई. लू चालते, धूळ उडते, सगळ्यांचंच होत असेल, असं धरून मी गप्प होतो. पंख्यासमोर वाचायला लागल्यावर मात्र थोड्याच वेळात डोळे चुरचुरायचे, मग भगभगायचे, आणि एकदम दोन्हीकडून पाण्याची धार लागायची.

पहिल्यांदा हे झालं त्या दिवशी सिद्धार्थाच्या गृहत्यागाचा भाग होता. मी बाहीनं डोळे पुसत वाचत राहिलो. पहिल्या रांगेत भीमाबाई बसायच्या. जन्मभर बिड्या वळलेली बाई, वस्तीत तिचा शब्द कोणी खाली पडू देत नसे. त्यांनी शेजारच्या अंजनाबाईंच्या गुडघ्यावर हात ठेवून त्यांना माझ्याकडे बघायला खुणावलं. वाचन संपल्यावर 'साधु' नेहमीपेक्षा हळू म्हटलं गेलं.

पुढे एका संध्याकाळी भिक्खूंनी चीवर कसं शिवावं, पात्र कसं धुवावं, याचे नियम होते. त्यावर कोणालाच रडू येणार नाही. माझे डोळे तरीही वाहिले. तेव्हा लोकांनी आपापसात वेगळं कारण ठरवलं: गोपिका.

गोपिका माझी बायको. आदल्या हिवाळ्यात ती गेली. तिला वाचता येत नव्हतं. छापखान्यातून मी टाकाऊ फर्मे घरी आणत असे. कधी कादंबरीची मधलीच पानं, कधी शेतकी खात्याचं पत्रक. संध्याकाळी ती तांदूळ निवडत बसायची आणि मी तिला ते वाचून दाखवायचो. आगापिछा नसलेल्या त्या मजकुराला ती वाक्यावाक्याला "हूं" म्हणायची. मला वाटायचं, माझं मन राखायला म्हणते. तिला नेलं त्या दिवशी माझ्या डोळ्यांतून टिपूसही आला नाही. वस्तीनं ते पाहिलं होतं. देवराव लाकडाचा माणूस आहे, असं कोणीतरी म्हटल्याचं माझ्या कानावर आलं. मला राग आला नाही, कारण माझीही तीच शंका होती.

म्हणून आता माझे डोळे वाहताना पाहून लोकांना बरं वाटलं. विहाराबाहेर चपला शोधताना भीमाबाई जवळ आल्या.

"निघू द्या, भाऊ," त्या म्हणाल्या. "गेल्या साली निघालं नाही, ते आता निघून राहिलं."

मी मान हलवली. तसं नाही, हे सांगायचं ओठावर आलं होतं. पण तसं नसेलच, हे तरी मी कशावरून सांगणार होतो? आपले डोळे का वाहतात हे ज्याला कळत नाही, त्यानं कोणाला काय समजावायचं? मी चपला घालून घरी आलो.

पुढच्या काही दिवसांत ऐकणारे वाढले. पलीकडच्या गल्लीतले लोकही येऊ लागले. आमच्याकडे एकजण रडत वाचतो, असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. धोंडबाला मोठी सतरंजी मागून आणावी लागली.

डोळ्यांचं मी माझ्या परीनं बघत होतो. सदरला चष्म्याच्या दुकानात गेलो. दुकानदारानं नंबर बदलून जाड काचा दिल्या. अक्षरं मोठी झाली, पाणी होतं तितकंच राहिलं. मग औषधाच्या दुकानात लाली कमी करणारे थेंब मागितले. ते घातले की डोळे थोडा वेळ पांढरे दिसत आणि नंतर आधीपेक्षा जास्त जळत, म्हणून मी आणखी घाली. अंजनाबाईंनी मध सांगितला. तोही घातला, आणि एक अख्खी दुपार भिंत धरून काढली.

शेवटी त्याचा परिणाम वाचनावर झाला. ओळी एकमेकींत शिरू लागल्या. एकदा मी तीच ओळ पुन्हा वाचली. कोणाच्या लक्षात आलं नाही, पण मला त्या संध्याकाळी जेवण गेलं नाही. मग एकदा परिच्छेदाच्या मध्येच थांबावं लागलं. पुढचं काहीच दिसेना. मी ग्रंथावर हात ठेवून तसाच बसलो, आणि समोरच्या सगळ्या बायांनी डोळ्यांना पदर लावले.

त्यानंतरच्या रविवारी सकाळी तिघं घरी आले. भीमाबाई, धोंडबा आणि मनोहरराव. मनोहरराव रेल्वेत गार्ड होते, नुकतेच निवृत्त झालेले. आवाज असा की हाका मारल्या तर पुढचं स्टेशन ऐकेल. मी चहा ठेवला. घरात कप दोनच धड होते, म्हणून मी माझा पेल्यात घेतला. त्यांचं म्हणणं असं होतं, की रोज रोज ही जखम खरवडणं बरं नाही. मी खूप वर्षं वाचलं, आता स्वस्थ समोर बसून ऐकावं. भाद्रपद पौर्णिमेपासून मनोहरराव वाचतील.

"तुमाले रोज रडवून आमी कोणतं पुण्य कमावून राहिलो, भाऊ?" भीमाबाई म्हणाल्या.

मनोहररावांनी मला काही वाटून घेऊ नका, असं दोनदा म्हटलं. इतक्या मायेनं आलेल्या माणसांसमोर मी काय बोलणार? मी "बरं" म्हणालो.

ते गेल्यावर मी कप विसळत कितीतरी वेळ मोरीपाशी उभा राहिलो. दूधवाल्यापुढे भांडं धरायला शब्द लागत नाहीत. वाण्याला माझं सामान ठाऊक आहे. मुलगी पारशिवनीला दिलेली, ती दिवाळीत येते. दिवसभरात माझा आवाज माझ्याही कानावर पडायचा तो विहारात, चौरंगासमोर. तो गेला असता तर मी कोणाशी बोललो असतो, याचा मी खूप विचार केला आणि एकही नाव सुचलं नाही.

त्या भीतीनं मला मोठ्या दवाखान्यात नेलं. नाहीतर मी गेलोच नसतो. आपल्यामुळे डॉक्टरांचा वेळ जातो, असं मला वाटत राहतं.

डोळ्यांच्या विभागात लांब रांग होती. बहुतेक मोतीबिंदूवाले, हिरव्या पट्ट्या बांधलेले. आत एक मध्यम वयाच्या डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी बॅटरीनं डोळे पाहिले, पापण्या उलटवल्या. तोंड कोरडं पडतं का, सांधे दुखतात का, कोणत्या गोळ्या चालू आहेत, असं बरंच विचारलं. मी पाणी वाहण्याचं सांगत होतो आणि त्या भलतंच विचारत होत्या. मग त्यांनी पांढऱ्या कागदाच्या दोन अरुंद पट्ट्या काढल्या, एकेक टोक दुमडलं आणि दोन्ही डोळ्यांच्या खालच्या पापण्यांत अडकवलं. डोळे हलकेच मिटून बसायला सांगितलं.

मी गालांवर कागद लोंबकळत ठेवून बाकावर बसलो. आयुष्य कागदात गेलं, पण असा कागद कधी वाट्याला आला नव्हता. शेजारच्या म्हातारीनं तिच्या मुलाला विचारलं, याले काय झालं गा? तो म्हणाला, काही नाही, पाहून राहिले.

डॉक्टरीणबाईंनी पट्ट्या काढून उजेडात धरल्या. वरचं टोक जेमतेम ओलं झालं होतं. खाली सगळं कोरडं.

"बाबा, तुमचे डोळे कोरडे आहेत," त्या म्हणाल्या.

"पण पाणी वाहतं."

"कोरडे आहेत म्हणूनच वाहतं."

मग त्यांनी मला समजावलं. डोळ्यावर ओलाव्याचा एक पातळ थर सतत असावा लागतो. माझा तो टिकत नाही, वाळतो. वाळला की डोळा चिडतो आणि एकदम पाणी सोडतो. ते नुसतं वाहून जातं; त्यानं डोळा भिजत नाही. मी काय करतो, असं त्यांनी विचारलं. वाचतो, म्हणालो. त्यांनी टेबलावरचं वर्तमानपत्र माझ्यापुढे सरकवून वाचायला लावलं, आणि स्वतः ऐकण्याऐवजी माझ्या डोळ्यांकडे बघत राहिल्या.

"पूर्ण बातमी झाली, तुम्ही एकदाही पापणी मिटली नाही," त्या म्हणाल्या.

ती छापखान्यातली सवय होती. पापणी मिटताना चूक निसटेल, या धास्तीनं लागलेली.

दुकानातले थेंब त्यांनी बंद करायला लावले. ओलावा धरून ठेवणारे वेगळे थेंब दिले, ते दिवसातून बरेचदा घालायचे. सकाळी कोमट पाण्यात बुडवलेलं फडकं मिटलेल्या डोळ्यांवर धरायचं. वाक्य संपलं की पापणी पूर्ण मिटायची. आणि हवेचा झोत डोळ्यांवर अजिबात घ्यायचा नाही. असंच वाळत राहिलं तर बुबुळाला जखम होईल, म्हणून महिन्याभरानं पुन्हा दाखवायचं.

"घरी पंख्यासमोर बसता का?" त्यांनी विचारलं.

"घरी पंखा नाही," मी म्हणालो. खरं उत्तर मला जिना उतरताना सुचलं.

परत येताना बरं वाटायला हवं होतं. दुखणं कळलं होतं, औषध खिशात होतं. पण ती कोरडी पट्टी डोळ्यांपुढून जाईना. म्हणजे मी रडत नव्हतोच. वस्तीनं आदल्या वर्षी जे म्हटलं होतं, तेच खरं असेल का, असं सारखं मनात येत होतं.

आता निदान पंखा तरी बाजूला करायला हवा होता. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम लवकर गेलो. धोंडबा उदबत्त्या लावत होता.

"धोंडबा, तो पंखा," मी म्हणालो.

"मालूम आहे जी," तो म्हणाला. "दोनवर हवा कमीच पडते. आजपासून तीनवर ठेवतो."

आणि त्यानं तीनवर ठेवला. तो इतका खूश दिसला की मी पुढचं बोललोच नाही. त्या संध्याकाळी ग्रंथाची पानं उडू नयेत म्हणून मला कोपरानं दाबून धरावी लागली.

असं करता करता पौर्णिमेची आदली संध्याकाळ आली. माझी शेवटची. विहार दारापर्यंत भरला होता. मनोहरराव पहिल्या रांगेत, पुरुषांच्या बाजूला, पांढरा शर्ट घालून बसले होते. मी घरून थेंब घालून निघालो होतो, पण तीनवरच्या त्या वाऱ्यापुढे त्यांचं काही चालेना. पहिला परिच्छेद संपायच्या आत धार लागली.

समोर अंजनाबाई हुंदके देऊन रडू लागल्या. नुसता पदर लावणं नव्हे; खांदे हलत होते. त्यांच्या डोळ्यांतलं पाणी खरं होतं, आणि ते माझ्या डोळ्यांतल्या पाण्यामुळे येत होतं. ते मात्र मला बघवेना. मी चष्मा काढला.

"धोंडबा, पंखा फिरवा," मी म्हणालो.

"कुठं जी?"

"बायांकडं."

"काहून?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मी ग्रंथाकडे बघत सांगितलं. डोळे कोरडे आहेत, म्हणून पाणी येतं, दवाखान्यात दाखवलं, वारा चालत नाही. माझा आवाज नेहमीसारखाच तिसऱ्या रांगेपर्यंत गेला असावा, कारण मागे कुजबुज सुरू झाली, काय म्हणून राहिले, काय म्हणून राहिले. पुढच्यांनी मागच्यांना सांगितलं.

"म्हणजे ते रडणं नाही?" भीमाबाईंनी विचारलं.

"नाही."

"गोपिकासाठी बी नाही?"

"तिच्यासाठी काय येतं ते मला ओळखता येत नाही, भीमाबाई," मी म्हणालो. "हे पंख्यानं येतं."

"मंग मी काहून रडून राहिली होती इतके दिवस?" अंजनाबाई म्हणाल्या. मनोहरराव आधी हसले, मग सगळेच. अंजनाबाईही नाक पुसत हसल्या. धोंडबानं पंखा उचलून बायांकडे वळवला आणि मान फिरवायची कळ सोडली. तो वारा पहिल्या रांगेवरून गेला तेव्हा दोन-तीन जणींनी नकळत मान वर करून गळा पुढे केला. महिनाभर त्या घामात बसल्या होत्या आणि मी वाऱ्यात.

भीमाबाई एकट्या हसल्या नव्हत्या. त्यांनी डॉक्टरनं आणखी काय सांगितलं ते विचारलं. वाक्याला डोळे मिटायचे, मी म्हणालो, पण वाचताना ते लक्षात राहत नाही.

"ते माह्यावर सोडा," त्या म्हणाल्या. "वाक्य सरलं की मी हुंकार देईन. माह्या हुंकारावर डोळे मिटत जा."

"उद्यापासून मनोहरराव वाचणार आहेत ना," मी म्हणालो.

"मनोहरराव आश्विन पौर्णिमेले वाचतील. त्या दिवशी गर्दी राह्यते, मोठा आवाज पाह्यजे. हो का नाही जी?"

मनोहररावांनी, वर्दीत असते तर जसं हलवलं असतं तसं, एकदाच डोकं हलवलं. मी चष्मा लावला आणि जिथं थांबलो होतो तिथून वाक्य पुन्हा घेतलं. ते संपलं.

"हूं," भीमाबाई म्हणाल्या.

मी डोळे मिटले. पापण्यांखाली अंधार आणि थोडा गारवा. मी ते उघडायला जरा उशीरच केला असावा, कारण त्यांनी पुन्हा एकदा "हूं" म्हटलं, आता वाचा अशा स्वरात.

पौर्णिमेनंतर गर्दी ओसरली. पलीकडच्या गल्लीतले लोक येईनासे झाले. रडत वाचणारा माणूस आता नव्हता, नुसता वाचणारा होता, आणि तो थांबून थांबून वाचत होता. मोठी सतरंजी धोंडबानं परत केली. उरल्या त्या पहिल्या दोन रांगा, ज्यांच्यापर्यंत माझा आवाज नाहीतरी जातो. महिन्यानं मी दवाखान्यात पुन्हा दाखवून आलो. डोळे बरे आहेत, पण हे जन्माचं आहे, सांभाळावं लागेल, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

विहारात मी सांभाळतो. घरी अडचण होते. थेंब घालून पुस्तक उघडलं की पहिली दोन पानं ठीक जातात, मग मी विसरतो, आणि रेती फिरायला लागते. त्यावर उपाय म्हणून एका दुपारी मी मोठ्यानं वाचायला घेतलं आणि वाक्य संपल्यावर स्वतःच "हूं" म्हणून पाहिलं. डोळे मिटले. उघडले ते सवयीनं पुस्तकावर नाही, समोर, ती तांदूळ निवडायला बसायची तिकडे. सूप भिंतीला टांगलेलं होतं. मी त्याच्याकडे थोडा वेळ बघितलं, मग ओळीवर बोट ठेवून पुढचं वाक्य वाचायला घेतलं.